'फाउंडेशन' शेपटीकडून वाचू नका

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत आयझॅक असिमोव्ह यांच्या 'फाउंडेशन' या विज्ञान कादंबऱ्यांच्या मालिकेवर लेख आला, बरे वाटले. पण कथेतल्या काळाप्रमाणे 'प्रिल्यूड टू फाउंडेशन'पासून, म्हणजे मागाहून लिहिलेल्या पण आधीची कथा सांगणाऱ्या भागापासून सुरुवात करा, हा चौकटीतला सल्ला पटला नाही. माझ्या नातीने तेवढी चौकट वाचून पुस्तक घेतले आणि शंभर पानांत मिटून ठेवले. खुद्द असिमोव्ह यांनी त्या पुस्तकात हा क्रम दिला आहे हे खरे, पण तिथे त्यांनी कंसात 'कदाचित' घातले आहे!

मी ३१ वर्षे विम्याच्या ऑफिसात होते. अमका माणूस कधी जाणार हे आमच्या तक्त्यात नसते. लाखातले किती जाणार हे असते आणि त्यावर हप्ता ठरतो. मालिकेतला गणिती हॅरी सेल्डन अफाट जनसमूहांचे भविष्य गणिताने सांगतो. त्याची ही सायकोहिस्टरी म्हणजे हाच तक्ता, आकाशगंगेएवढा. त्याची दुसरी अटही ओळखीची: ज्यांचे भाकीत करायचे त्यांना ते कळता कामा नये. छातीतले दुखणे लपवून कोणी पॉलिसी काढली की आमचाही हिशेब चुकायचा.

१९५१च्या पहिल्या पुस्तकात हे सुरुवातीलाच हाती येते. आकाशगंगेचे साम्राज्य पडणारच, त्यानंतरचा ३०,००० वर्षांचा अंधार १,००० वर्षांवर आणायचा, ही सेल्डनची योजना. त्या गणितावर आपला पुरता विश्वास बसला की दुसऱ्या पुस्तकात म्यूल नावाचा, हिशेबात न बसणारा एक माणूस येतो आणि सगळे उधळतो.

माझी त्या दुसऱ्या पुस्तकाची प्रत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरची. शेवटची दहा-बारा पाने गायब, आणि म्यूल कोण हे नेमके त्यांतच! सात महिन्यांनी दुसरी प्रत दिसली. ऑफिस सुटल्यावर दुकानात उभ्या उभ्या शेवट वाचला. दुकानदाराने "घेणार का?" विचारल्यावर मुकाट्याने पैसे दिले. आपल्या लेखात मात्र ते नाव चौथ्या परिच्छेदातच फोडले आहे.

पुढचे भाग मला तितके आवडत नाहीत. १९८२च्या 'फाउंडेशन्स एज'ला विज्ञानकथांचा ह्यूगो पुरस्कार मिळाला खरा, पण त्यात माणसे यानात बसून बोलतच राहतात. १९८६च्या भागात कथा जेमतेम ५०० वर्षांपर्यंत पोहोचते. उरलेली निम्मी योजना तशीच टाकून लेखक सेल्डनच्या तरुणपणाकडे वळले. अपवाद 'फॉरवर्ड द फाउंडेशन'चा. असिमोव्ह १९९२मध्ये गेले, हे पुस्तक १९९३मध्ये आले. त्यातला एकेक माणूस गमावत म्हातारा होणारा सेल्डन जिवाला लागतो, कारण पहिल्या पुस्तकात तो मेल्यानंतर चाकाच्या खुर्चीतली नुसती प्रतिमा होऊन बोलताना आपण पाहिलेला असतो. उलट्या क्रमात हे कसे कळणार?

नातीला आता १९५१चे पुस्तक दिले आहे. ती त्यातल्या साल्व्हर हार्डिन या पात्रापाशी पोहोचली आहे. म्यूलबद्दल बोलायचे नाही अशी घरात सगळ्यांना तंबी आहे, आणि आपल्या पुरवणीचे ते पान मी कपाटावर, तिचा हात पुरणार नाही असे ठेवले आहे.

– एक वाचक, डोंबिवली