'प्रवाळांना सुरक्षित' म्हणून विकल्या जाणाऱ्या ब्रिसल वर्म नाशक द्रावणाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी माझे शेवटचे बोलणे आत्ताच संपले असून त्या क्रमांकावर पुन्हा फोन करण्याची माझी इच्छा उरलेली नाही, म्हणून हे पत्र थेट आपल्याला लिहीत आहे. द्रावण आपलेच आहे, त्यामुळे त्याची ओळख करून देत नाही.

माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत लाइव्ह रॉकच्या, म्हणजे जीवजंतू वसलेल्या सच्छिद्र दगडांच्या, फटींमध्ये ब्रिसल वर्म, म्हणजे काटेरी केसांचे समुद्री किडे, फार वाढले होते आणि प्रवाळांची जागा बदलताना या किड्यांचे केस बोटांत मोडून राहत, ज्याची जळजळ लवकर शमत नसे. द्रावण वापरण्याआधी मी आपल्या केंद्राला फोन करून टाकीत क्लीनर कोळंबी, शंख आणि मऊ प्रवाळ आहेत हे स्पष्ट सांगितले होते. 'पूर्ण सुरक्षित आहे', असे उत्तर मिळाले. बाटलीवरही 'प्रवाळांना व अपृष्ठवंशीय प्राण्यांना सुरक्षित' असेच छापलेले आहे. पत्रकातील तक्त्याप्रमाणे पाण्याचे आकारमान काढून, मोजून मात्रा दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी कोळंबी मेलेली होती, शंख काचेवरून गळून वाळूत उलटे पडले होते, मऊ प्रवाळ आक्रसले होते, पाणी गढूळले होते आणि क्लाउनफिश पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत होते. अमोनियाच्या चाचणीचा रंग पाहून पाण्यात हे विषारी द्रव्य वाढल्याचे लगेच लक्षात आले. वारंवार पाणी बदलून आणि अॅक्टिव्हेटेड कार्बन घालून मासे तेवढे वाचवता आले.

ब्रिसल वर्म स्वतःच अपृष्ठवंशीय आहे. मग त्याला मारणारे द्रव्य कोळंबीला आणि शंखाला कशामुळे अपाय करणार नाही, याचे उत्तर बाटलीवर नाही, कारण बाटलीवर घटकद्रव्याचे नावच नाही. शिवाय दगडाच्या आत एकाच वेळी मेलेले किडे नळीने उपसून काढता येत नाहीत. ते तिथेच कुजतात, पाण्यातील प्राणवायू खातात आणि अमोनिया सोडतात. समुद्री टाकीचा पीएच साधारण ८.१ ते ८.४ असतो व पीएच जितका जास्त तितका अमोनियाचा विषारी अंश वाढतो, म्हणून हा धोका गोड्या पाण्यापेक्षा येथे अधिक आहे. हे आपल्या तंत्रज्ञांना माहीत नसेल, असे मी मानत नाही.

आता आजच्या फोनविषयी. मी झालेला प्रकार क्रमाने सांगितला. समोरच्या व्यक्तीने मध्येच थांबवून विचारले, "पण वर्म मेले ना?" मी म्हटले, मेले, आणि त्यांच्याबरोबर कोळंबी व शंखही मेले. त्यावर उत्तर आले, "म्हणजे औषधाने काम केले आहे." बाटलीवरचे 'सुरक्षित' हे शब्द मी त्यांना वाचून दाखवले. "तुमची टाकीच घाण असेल, नाहीतर एवढे वर्म झालेच नसते," असे ते म्हणाले. घटकद्रव्याचे नाव विचारले तेव्हा ते गोपनीय असल्याचे सांगण्यात आले. निदान पुढे काय करावे एवढे तरी सांगा, असे विचारल्यावर, "काही वर्म उरले असतील तर दुप्पट मात्रा द्या," हा सल्ला मिळाला आणि मी बोलत असतानाच फोन बंद झाला. ज्या टाकीत अमोनिया आहे आणि मासे जेमतेम तगले आहेत, तिच्यात दुप्पट विष ओतायला सांगणाऱ्या माणसाला आपण ग्राहकांची उत्तरे द्यायला बसवले आहे. याचा मला मनापासून संताप आला आहे.

आपले पत्रकही तितकेच बेजबाबदार आहे. उरलेले किडे 'हाताने वेचावेत' असे त्यात लिहिले आहे. हातमोज्याचा किंवा चिमट्याचा उल्लेख नाही. प्रवाळ कुरतडणारा दाढीवाला फायरवर्म आणि उरलेले खाद्य, मेलेले मांस खाऊन टाकी साफ ठेवणारे नेहमीचे ब्रिसल वर्म यांत पत्रक काहीच फरक करत नाही. खाद्य कमी करावे, रात्री आमिषाचा सापळा लावावा, हे किडे खाणाऱ्या सिक्स-लाइन रॅस माशाचा किंवा अॅरो क्रॅब खेकड्याचा विचार करावा, असे विष न घालता करता येणारे उपाय एका ओळीनेही दिलेले नाहीत. आपली इतर उत्पादने मी विश्वासाने वापरत आलो, म्हणून हे अधिक लागले.

माझ्या मागण्या अशा: द्रावणाची व मेलेल्या प्राण्यांची भरपाई द्यावी, बाटलीवरून 'सुरक्षित' हा दावा काढावा, आणि घटकद्रव्याचे नाव छापावे. हे नाव मी पुन्हा मागत आहे, कारण ते कळल्याशिवाय दगडात काय मुरले आहे आणि नवी कोळंबी सोडावी की नाही, हे ठरवता येत नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास बाटली, पत्रक व चाचण्यांची छायाचित्रे घेऊन मी ग्राहक न्यायालयात जाईन. उत्तर जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीचे असावे. ग्राहक सेवा केंद्राचा फोन मी घेणार नाही.

तक्रारदार ग्राहक