शेणकिडा आधी, मग आपली गाडी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

वाळूत रुतलेली जीप ट्रॅक्टर लावून ओढून काढतात, तो फोटो आपल्या अंकात पाहिला. बातमीत तारांबळ होती ती पर्यटकांची. त्या वाळूखाली काय असतं, याचं एक अक्षर नव्हतं. म्हणून हे पत्र.

मी गुहागरची, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली. माझे यजमान एसटीत चालक होते. गेल्या नोव्हेंबरात आम्ही दोघं दक्षिण आफ्रिकेत केपटाउन ते पोर्ट एलिझाबेथ असं समुद्राच्या कडेकडेने भाड्याच्या गाडीतून फिरलो. (२०२१ पासून त्या शहराचं नाव बदललंय. नवं नाव जीभ टाळूला लावून 'टॉक्' करून सुरू होतं. ते आम्हाला शेवटपर्यंत जमलं नाही.) आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला होता. तिकडेही स्टिअरिंग उजवीकडे आणि गाडी डावीकडून, त्यामुळे ह्यांना पहिल्याच दिवशी हात बसला. एन-टू महामार्गावर मागून वेगाची गाडी आली की पुढचा पिवळ्या रेषेपलीकडे डावीकडे सरकून वाट देतो, आणि पुढे गेलेला मागचे दिवे दोनदा लुकलुकवून आभार मानतो. ह्यांना हे इतकं आवडलं, की काही वेळा उगाच कडेला सरकून ते आभार वसूल करत होते.

सायमन्स टाउनला बोल्डर्स बीचवर पेंग्विन पाहिले. १९८२ साली तिथे दोन जोड्या आल्या आणि त्यांची वस्ती वाढली, ती अगदी माणसांच्या घरांपर्यंत. पण आफ्रिकेतल्या या पेंग्विनांची एकूण संख्या इतकी घसरलीय, की २०२४ मध्ये त्यांना नामशेष होण्याच्या अगदी काठावरच्या प्राण्यांत घालावं लागलं. वाहनतळावर पाटी आहे: निघण्यापूर्वी गाडीखाली पेंग्विन नाही ना, बघा. हे गुडघ्यावर हात ठेवून वाकले, चारही चाकांमागे डोकावले. डेपोतून गाडी काढण्याआधी असेच वाकायचे. पेंग्विन नव्हता. तरी पुढे दोन दिवस, पेट्रोलपंपावरसुद्धा, वाकणं चालूच.

मुद्द्याची गोष्ट घडली ती आगुल्हासच्या वाटेवर. आफ्रिकेचं दक्षिण टोक म्हणजे केप ऑफ गुड होप असं मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं. खरं टोक हे आगुल्हास. माझ्या विद्यार्थ्यांनी माफ करावं. जवळच्या एका गावात लांबच लांब पांढरा किनारा, भरतीची ओली रेघ, आणि चिटपाखरू नाही. ह्यांच्यातला कोकणी माणूस जागा झाला. गाडी थेट पाण्यापाशी घेऊ म्हणाले. तेवढ्यात बोट ओढून नेणाऱ्या एकाने हात आडवा केला. तो चिडला नव्हता. गाडी फक्त बोट सोडायच्या धक्क्यापर्यंत, वाळूत नाही, एवढं सांगून पुढे गेला.

आम्ही चालत गेलो. बऱ्याच अंतरावर एक काळा कुळकुळीत पक्षी ओरडत इकडून तिकडे पळायला लागला. लाल चोच, लाल डोळा. ऑयस्टरकॅचर, शिंपले फोडून खाणारा. मी चपापून थांबले, आणि पुढच्या पावलापासून हातभर अंतरावर वाळूत वाटीएवढी खळगी दिसली. तिच्यात दोन अंडी, ठिपक्याठिपक्यांची. काडी नाही, पान नाही, आडोसा नाही. थांबले नसते तर पाय तिथेच पडला असता, मग टायरला ती काय दिसणार? आल्या पावली मागे फिरलो.

रात्री मुक्कामाच्या घरी विचारलं तेव्हा कळलं, की तिथल्या सरकारने २००१ च्या डिसेंबरात नियम काढून हौसेसाठी किनाऱ्यावर गाडी नेणं बंद केलं. गळाने मासे धरणाऱ्यांनी तेव्हा बरीच ओरड केली होती. पण गाड्या थांबल्या, या पक्ष्याची पिल्लं जगू लागली आणि त्यांची संख्या चांगली वाढली.

शेवटी अॅडो, हत्तींचं राष्ट्रीय उद्यान. १९३१ साली ते झालं तेव्हा तिथे ११ हत्ती उरले होते. आता सहाशेच्या वर आहेत. दारावर आमची संत्री काढून घेतली. पूर्वी हत्तींना कुंपणाच्या आत ठेवण्यासाठी संत्री घालत. तो वास आला की ते गाड्यांवर चालून येत. आत पाटी: शेणकिड्यांना आधी जाऊ द्या. हा किडा उडत नाही, हत्तीच्या शेणावर जगतो, म्हणून रस्त्यातल्या शेणावरूनही गाडी न्यायची नाही. आयुष्यभर हॉर्न वाजवत घाट उतरलेला माणूस शेणाचा गोळा लोटणाऱ्या एका किड्यासाठी इंजिन बंद करून बसला होता. मागे तीन गाड्या. कोणी हॉर्न दिला नाही.

आता आमचा किनारा. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं रात्री इथे अंडी घालायला येतात. २०२१ मध्ये ओडिशात खूणपट्टी लावलेलं एक कासव २०२५ च्या जानेवारीत इथे अंडी घालून गेलं. आणि याच महिन्यांत, नाताळच्या सुट्टीत, वाळूत गाड्या गोल गोल फिरवून रील काढतात. कासवमित्र पहाटे घरटी शोधून अंडी कुंपणात हलवतात, पण जे सापडत नाही त्यावरून चाक जातं. वाळू दबते. अंगठ्याएवढं पिल्लू टायरच्या चरीत पडलं की कडा चढू शकत नाही. तिथेच कावळ्याच्या तोंडी जातं.

दंडाच्या पाट्या आहेत. पाटीशेजारूनच गाडी उतरते. गाडी उतरण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. प्रत्येक वाटेवर माणूस जाईल आणि गाडी अडेल एवढ्या अंतराने चार चिरे उभे पुरले तरी पुरे. रुग्णवाहिका आणि होड्यांसाठी एका वाटेला कुलूपबंद साखळी ठेवावी. चिरे द्यायला आमच्या ओळखीचा खाणवाला तयार आहे, टेम्पो हे स्वतः चालवतील. कुठे पुरायचे ते ज्यांच्या अखत्यारीत येतं त्यांनी ऑक्टोबरच्या आत दाखवावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, गुहागर