पेडल आणि पाय

सांगली, रविवार

चि. ऋजुता हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर ‘बाबा, मी पेडलचं विचारतेय, पायाचं नाही’ म्हणालीस आणि ठेवूनच दिलास. म्हणून लिहायला बसलो. फक्त तुझ्या ड्रमच्या पेडलचं लिहीन, असं तुझ्या आईला कबूल केलंय.

डबल पेडल आत्ता घेऊ नकोस. पैशांसाठी म्हणत नाही. तुमच्या बँडची गाणी ऐकली, त्यांत दोन पायांचं काम कुठेच नाही. तेवढ्या पैशांत चांगलं सिंगल येतं. खाली पत्रा असलेलंच घे. बिनपत्र्याचं घडी होऊन पिशवीत मावतं खरं, पण जोराच्या वाजवण्यात हलत राहतं. पेडल आणि ड्रमवर आपटणारा बीटर यांना जोडायला चेन, पट्टा की सरळ दांडा, म्हणजे डायरेक्ट ड्राइव्ह, यावर तुझे मित्र रात्रभर भांडतील. डायरेक्टमध्ये पाय हलला की बीटर हललाच, त्यामुळे पायाचा आळसही लगेच ऐकू येतो. मला विचारशील तर चेन. त्यातही चेन ज्या चकतीवरून फिरते ती बघ. गोल असेल तर चाल एकसारखी राहते, लंबगोल असेल तर बीटर शेवटी झेप घेतो. तू गोलच घे. बीटरचा दांडा धरून डावी-उजवीकडे हलवून बघ, खडखडला तर नमस्कार करून पुढचं मागायचं. ज्या बुटांत वाजवतेस तेच घालून जा. घोट्याला पट्टी बांधत असशील तर पट्टीसकट. बांधतेस ना?

बरं, राहू दे.

आमच्या ऑर्केस्ट्रात पेडलला चामड्याचा पट्टा होता. इस्लामपूरच्या गणपतीत लावणीच्या ऐन रंगात तो तुटला. बापूकाकानं स्वतःच्या पँटीचा पट्टा काढला, चाकूनं कापला, भोक पाडलं आणि मी तोवर फ्लोअर टॉमवर, म्हणजे शेजारच्या उभ्या ड्रमवर, हातानं किकचे (पायाच्या ड्रमचे) ठोके वाजवत राहिलो. उरलेला कार्यक्रम काकानं एका हातानं पँट धरून बोंगो वाजवला. ड्रम पुढे सरकू नये म्हणून सतरंजीवर वीट ठेवायचो आम्ही. लुडविग कंपनीचं स्पीड किंग पेडल १९३७ सालचं मॉडेल, त्याच्या स्प्रिंगा दोन्ही खांबांच्या पोटात. लेड झेपलिनचा ड्रमर बोनहॅम तेच वाजवायचा आणि त्याची कुरकुर रेकॉर्डिंगमध्येही ऐकू येते. तेव्हा महागाचं तेच चांगलं, असं काही नसतं.

आता बसवायचं. आधी पेडलचा क्लॅम्प ड्रमच्या कड्यावर असा आवळ की पत्रा जमिनीला सपाट टेकला पाहिजे. तुझा ड्रम २२ इंची, म्हणजे मध्य काठापासून ११ इंचांवर. बीटर तिथे लागू दे, फार तर बोटभर वर. बीटरच्या टोकाचं फेल्ट सपाट बसतंय ना बघ, नुसती कड लागली तर आवाज पातळ येतो आणि हेडही (ड्रमचा पडदा) लवकर जातं. बीटरचा कोन साधारण ४५ अंशांवर ठेवून सुरुवात कर, मग पाय सांगेल तसा बदल. स्प्रिंग शेवटी. घट्ट स्प्रिंग म्हणजे मोठा आवाज, असं तुम्हा पोरांना वाटतं. ती प्रत्येक ठोक्याला पायाकडून वसुली करते. फार सैल सोडलीस तर बीटर परत येत नाही, पंजा तुलाच उचलावा लागतो आणि संध्याकाळी नडगी धरते. पायाचं नुसतं वजन टाकलं की बीटर हेडच्या जवळ जाऊन थांबला पाहिजे, ही माझी पद्धत. मग स्प्रिंगखालचा नट आवळून टाक, नाहीतर तिसऱ्या गाण्याला स्प्रिंग सैल झालेली असते. ड्रमची चावी खिशात ठेव, केसमध्ये नको.

आणि ट्रेकला पाय मुरगळल्यावर डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी त्यांच्यासमोर बसून ऐकलंय. टाच खाली ठेवून वाजवलंस तर सगळा भार घोट्यावर. टाच उचललीस तर काम मांडीवर जातं, पण पंजा आपटायची तुझी सवय आहे. दुखायला लागलं की थांबायचं, गाणं गेलं खड्ड्यात. तू मात्र थांबायची नाहीस, दहावीला तापातही थांबली नव्हतीस. पुन्हा व्याख्यान झालं, माफ कर.

व्हिडिओ पाहिला. दुसऱ्या गाण्यात थोडी धावलीस. बाकी किक कुठेही डळमळली नाही. जोशीकाकूंना बोलावून दाखवला, त्यांना काय कळलं देव जाणे. आईनं तीनदा लावला, शेवटी मोबाईल गरम झाला म्हणून माझ्या हातात दिला.

पैसे आईच्या खात्यातून आलेत, त्यातले फिजिओचे वेगळे काढून ठेव. ते पेडलचे नाहीत. बिल जपून ठेव आणि जुनं पेडल विकू नकोस, दादाला हवंय.

तुझा,
बाबा

ता.क. शनिवारी दुकानात एकटी जाऊ नकोस. बोचकं जड असतं आणि तुमच्या इमारतीला लिफ्ट नाही.