ताई, तुम्ही सरळ विचारलं म्हणून

ताई, नमस्कार.

फोनवर दोनदा थँक्यू म्हणायला गेले पण तुम्ही दर वेळी "अगं सोड, त्यात काय" म्हणून विषय बदलता, म्हणून आता लिहूनच टाकते. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते, कारण माझ्यासारख्या अजून कितीतरी जणी असतील ज्यांना सायकलच्या सीटचं हे दुखणं विचारायला जवळ कुणीच नाही.

मागच्या रविवारी सायकलनं वेरूळला जाऊन आले. छावणी, मिटमिटा, शरणापूर, दौलताबाद, घाट, खुलताबाद, वेरूळ आणि त्याच रस्त्यानं परत, सगळं मिळून साठ किलोमीटरच्या आसपास. घरी येऊन सायकल जिन्याखाली लावली, आंघोळ केली आणि जेवायला खाली मांडी घालून बसले. आई वाढता वाढता बघत राहिली, बोलली काही नाही, पण तिला कळलं. कारण मार्च महिन्यात रविवारचं जेवण मी ओट्यापाशी उभ्यानंच उरकायचे, ती विचारायची काय झालंय आणि मी सांगायचे पाठ भरून आलीय.

पाठ कधीच भरून आली नव्हती हो ताई. पण काय सांगणार? अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य म्हणतात तशी गत. ज्या ग्रुपसोबत मी जायचे त्यात सगळी पोरं, चांगली आहेत, पंक्चर झालं तर थांबतात, पण त्यांना हे कसं सांगायचं? एकदा धीर करून एवढंच म्हणाले की सीट जरा टोचते, तर म्हणाले सवय होईल, सगळ्यांनाच होतं. दुकानात विचारलं तर साडेतीनशे रुपयांचं जेलचं कव्हर गळ्यात मारलं. ते घातल्यावर पहिली पाच किलोमीटर गादीवर बसल्यासारखं वाटलं आणि त्याच्यापुढं आधीपेक्षा वाईट. तेव्हा मला वाटायला लागलं की दोष माझ्याच शरीरात आहे, हे आपलं काम नव्हेच, सायकल मामेभावाला परत देऊन टाकावी.

आणि मग ती रसवंती. दौलताबादच्या अलीकडं, ऊन वर आलेलं, चरकाचे घुंगरू वाजत होते, बाकडं रिकामं होतं आणि मी मात्र ग्लास हातात धरून एकदा या पायावर एकदा त्या पायावर उभी. तुम्ही म्हणालात "बस की गं." मी म्हणाले नको, असंच बरंय. तुम्ही ग्लास खाली ठेवला, जवळ आलात आणि हळू आवाजात विचारलं, "सीट लागायलीय का? कुठं, मागं हाडाला का पुढं?"

ताई, माझे डोळेच भरून आले तेव्हा. तोपर्यंत कुणी "कुठं" असं विचारलंच नव्हतं. मी म्हणाले पुढं, आग होते आणि अर्ध्या तासानं तर काही कळतच नाही, बधिर पडतं. तुम्ही लाजला नाहीत की हसला नाहीत, ताप किती आला विचारावं तसं पुढचं विचारत गेलात. आणि म्हणालात ते मला शब्दन् शब्द पाठ आहे: "बुडाच्या दोन हाडांना दुखत असल तर ते नव्या माणसाला दुखणारच, पंधरा-वीस दिवसांत कमी होतंय. पण पुढं बधिर व्हायलंय ना, ते सवयीनं जाणारं दुखणं न्हाई. तिथून नस जाती, ती दबायलीय. ते सोसायचं नसतंय, सीट बघायची असती."

त्याच दिवशी तुम्ही मला घरी नेलंत. ओसरीच्या पायरीवर साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा टाकला, आत नागमोडी कागद असतो तो, आणि म्हणालात बस याच्यावर, हँडल धरल्यासारखी पुढं वाक आणि टाचा जरा वर घे. मिनिटभर बसून उठले तर मला पुठ्ठ्यावर काहीच दिसेना. तुम्ही खडू आडवा धरून हलक्या हातानं त्याच्यावरून फिरवला, सगळा पुठ्ठा पांढरा झाला आणि मध्ये दोन तपकिरी गोल उरले, तिथं दबून खळगे पडलेले म्हणून खडू लागलाच नाही. माझी हाडं! पहिल्यांदा बघत होते मी. शिवणकामाच्या टेपनं एका खळग्याच्या मधापासून दुसऱ्याच्या मधापर्यंत मोजलं तर 13 सेंटिमीटर, आणि मामेभावाच्या सायकलची सीट मोजली तर ती अख्खीच 13 सेंटिमीटर रुंद. म्हणजे दोन्ही हाडं ऐन कडेवर, धड आत नाहीत धड बाहेर नाहीत, आणि सगळं वजन मधल्या नाजूक भागावर. तुम्ही म्हणालात हाडांच्या मापाच्या वर दोन-अडीच सेंटिमीटर पाहिजेत, आणि कपाटातून तुमची जुनी 155 मिलिमीटरची, मध्ये खाच असलेली सीट काढून दिलीत. "आधी पंधरा दिवस चालव, मग विकत घे. बायकांची सीट पुरुषांची सीट असं बघू नको, आपलं माप बघ." महिन्याभरानं मी तशीच नवीन घेतली, पण त्याआधी एक रुपया खर्च करू दिला नाहीत हे मी विसरत नाही.

जेलच्या कव्हरचं पण तेव्हाच समजलं. मऊ गादीत हाडं खाली रुततात आणि त्यांच्यामधली गादी वर येऊन नेमकी नको तिथं दाबते. आपण मऊ म्हणून घेतो आणि दुखणं वाढवून बसतो. नवीन लोक सगळ्यात आधी हेच विकत घेतात, म्हणून मुद्दाम सांगतेय.

आणि सीटची उंची. मला एकानं सांगितलेलं की सीट वर घेतली की स्पीड येतो, मी ती चांगली वर घेतलेली. तुम्ही माझ्या मागं थोडं अंतर चालवून बघितलंत आणि म्हणालात कंबर दोन्हीकडं डुलायलीय, पाय पुरत नाही म्हणून तू प्रत्येक पेडलला सीटवर घासायलीस. मग भिंतीला टेकवून सायकलवर बसवलंत, टाच पेडलवर ठेवून पेडल सगळ्यात खाली, पाय सरळ झाला पाहिजे पण ढुंगण एका बाजूला कलायला नको. दीड सेंटिमीटर खाली आली सीट. सीटचं नाक, म्हणजे पुढचं टोक, तेही वर होतं, वहीचा जाड पुठ्ठा सीटवर ठेवून त्याच्यावर मोबाईल ठेवला आणि लेव्हल बघून सरळ केलं. शेवटी सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या दांड्याला, इलेक्ट्रिकची काळी टेप गुंडाळली, परत सरकली तर कळावं म्हणून. ती टेप अजून आहे.

कपड्यांचं मात्र तुम्ही सांगितलं नसतं तर मला कुणीच सांगितलं नसतं. पॅडवाल्या शॉर्टच्या आत काही घालायचं नसतं! मी सहा आठवडे आत घालत होते आणि तीच शिवण मांडीला कापत होती. घरातून निघताना वरून लांब कुर्ता घालून निघायचे, मिटमिट्याच्या पुढं काढून पाठीच्या सॅकमध्ये टाकायचे, अजूनही तसंच करते आणि त्यात मला काही वाटत नाही. घासतं तिथं थोडी पेट्रोलियम जेली, घरी आल्या आल्या ओली शॉर्ट बदलायची, चहासुद्धा नंतर, त्याच दिवशी धुवायची आणि उलटी करून उन्हात वाळवायची. आपल्याकडं मे महिन्यात चाळीसच्या वर पारा असतो, घामानं भिजलेल्या पॅडवर तासभर गप्पा मारत बसलं की फोड आलाच समजा. मला आलाच ना एक. तेव्हा तुम्ही रागावलात, म्हणालात फोडू नको, पावडर थापू नको, आठ दिवस सायकल बंद आणि लेडी डॉक्टरला दाखवून ये. मी घाबरत होते की सवय मोडेल. तुम्ही म्हणालात कातडी फाटल्यावर सवय होत नसते, जखम वाढते. दहा दिवस थांबले, पूर्ण बरं झालं.

बाकी बारीकसारीक किती शिकवलंत. 28 मिलिमीटर रुंदीच्या टायरमध्ये मी 110 पीएसआय हवा मारायचे, तुम्ही माझं वजन विचारून 70 वर आणलीत आणि रस्ता एकदम वेगळा वाटायला लागला. प्रत्येक किलोमीटरच्या दगडाला पेडलवर उभं राहायचं, दहा वेळा पाय मारायचे आणि परत बसायचं, म्हणजे रक्त फिरतं. खड्डा दिसला की आधीच ढुंगण उचलायचं. आणि हे तर मला कधी सुचलंच नसतं की हळू, ढिल्या पायानं चालवलं की सगळं वजन सीटवर पडतं, पायात जोर आला की तेच वजन पेडल घेतं. म्हणजे नवीन माणसाला जास्त का दुखतं त्याचं निम्मं उत्तर पायात आहे. ते मात्र खरंच महिने घेतं. मार्चमध्ये मी घाटातल्या रस्त्यावरच्या त्या जुन्या दरवाजापर्यंत तीन वेळा सायकलवरून उतरायचे, रविवारी एकदाही उतरले नाही आणि खुलताबादेत सीताफळवाल्यांपाशी थांबले ती उतरावं वाटलं म्हणून.

दुखत नाही असं नाही. पन्नासच्या पुढं हाडांना जाणवतं, पण हाडांनाच. बधिर होणं जूनपासून एकदाही नाही.

तुमची पाच नंबरची ॲलन की माझ्याकडंच राहिलीय. येत्या रविवारी साडेसहाला घेऊन येते आणि सोबत सीताफळं आणते. तेव्हा सीट दोन-तीन मिलिमीटर पुढं घ्यायची का तेवढं मागून बघून सांगा, कारण चढावर मी नाकाकडं सरकायलेय असं मला वाटायलंय.

तुमची,
रसवंतीवर उभी राहिलेली