छोटूच्या नव्या लॅपटॉपवरील एडिटर आणि टर्मिनलविषयी

आइंडहोवन, नेदरलँड्स

चि. छोटूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या जुन्या लॅपटॉपवर तू स्वतः लिनक्स बसवलेस, हे आईकडून कळले आणि फार आनंद झाला. वर्गमित्राने दिलेली निओव्हिमची (व्हिम या टर्मिनलमध्ये चालणाऱ्या एडिटरच्या नव्या रूपाची) तयार मांडणी, तिच्यातील सगळ्या प्लगइनांसह (वरून जोडायच्या सोयींसह), जशीच्या तशी उतरवून घ्यावी का, असे तू मेलमध्ये विचारले आहेस. माझे मत आहे की घेऊ नकोस. ती मांडणी त्याच्या कामासाठी उत्तम असेलही. परंतु जी ओळ तिथे का आहे हे तुला सांगता येत नाही, ती बिघडली तर तुला दुरुस्तही करता येणार नाही, आणि अशी बिघाडाची वेळ बहुधा प्रकल्प सादर करण्याच्या आदल्या रात्रीच येते.

आधी कोरे व्हिम वापर. त्याच्यासोबत व्हिमट्यूटर नावाचा साधारण अर्ध्या तासाचा पाठ येतो, तो सावकाश पूर्ण कर. व्हिमच्या आज्ञांना व्याकरण आहे: ‘डी’ म्हणजे काढून टाक, ‘डब्ल्यू’ म्हणजे पुढच्या शब्दापर्यंत, आणि दोन्ही एकापाठोपाठ दाबले की शब्द जातो, ‘डी’च्या जागी ‘सी’ दाबलास तर शब्द जाऊन त्या जागी लगेच नवा लिहिता येतो. हे क्रियापद आणि कर्माचे नाते एकदा हाताला कळले की ज्यांसाठी लोक प्लगइन शोधत बसतात, अशा निम्म्या गोष्टी मुळातच तिथे आहेत हे तुझ्या लक्षात येईल.

बाण असलेल्या कळा सोडून एच, जे, के, एल या कळांनी का फिरायचे, हेही तू विचारले होतेस. बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कली येथे व्हीआय हा व्हिमचा पूर्वज लिहिला तो एडीएम-३ए या टर्मिनलवर (तेव्हा टर्मिनल म्हणजे पडदा आणि कीबोर्ड असलेले यंत्रच), आणि त्या टर्मिनलच्या याच चार कळांवर बाण छापलेले होते. त्यावर एस्केपची कळ आज जिथे टॅब असते तिथे, म्हणजे करंगळीच्या अगदी जवळ होती. आता ती दूर कोपऱ्यात गेली आहे. म्हणून पुष्कळ जण कॅप्स लॉकलाच एस्केप करून टाकतात, आणि कारण असलेला बदल कसा असतो याचे हे चांगले उदाहरण आहे. (व्हिमचे कर्ते ब्रॅम मूलेनार याच देशातले. १९९१ मध्ये त्यांनी अमिगा संगणकासाठी व्हिम प्रसिद्ध केला, तो सर्वांना विनामूल्य दिला, आणि वापरणाऱ्यांनी युगांडातील मुलांसाठी मदत करावी एवढीच विनंती केली. २०२३ मध्ये ते गेले. इथे आल्यापासून त्यांच्याविषयीचा माझा आदर वाढलाच आहे.)

सुरुवातीला तुझ्या व्हिमआरसीमध्ये, म्हणजे व्हिमच्या मांडणीच्या फाइलमध्ये, मोजक्याच ओळी असू देत: ओळींचे क्रमांक, टाइप करता करता शोध, टॅबऐवजी चार स्पेस, आणि फाइल बंद केल्यावरही अनडू टिकवून ठेवणारी सोय. यांपैकी स्पेसची ओळ जपून लिही. पायथनसाठी ती योग्य आहे. मात्र मेकफाइलमध्ये (प्रोग्रॅम कसा बांधायचा ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) आज्ञेच्या ओळीआधी खरा टॅबच लागतो, स्पेस चालत नाही. फाइलच्या प्रकारानुसार मांडणी बदलणारी सोय व्हिममध्ये आहे, ती चालू ठेव, म्हणजे मेकफाइलपुरता टॅब आपोआप टॅबच राहील. पुढे एखादे प्लगइन घेतलेस आणि व्हिम उघडायला वेळ लागू लागला, तर अंदाज करत बसू नकोस. स्टार्टअपटाइम हा पर्याय देऊन व्हिम सुरू केले की कोणत्या फाइलने किती मिलिसेकंद घेतले याची नोंद मिळते.

शेलच्या, म्हणजे टर्मिनलमध्ये लिहिलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, बाबतीत पहिले काम आज्ञांच्या इतिहासाचे. बॅश हा शेल मुळात फक्त ५०० आज्ञा लक्षात ठेवतो. हा आकडा निःसंकोच वाढव, आणि बंद होणाऱ्या प्रत्येक टर्मिनलने जुना इतिहास पुसण्याऐवजी त्यात भर घालावी अशी सोय कर. मग कंट्रोल-आर दाबून दोन-तीन अक्षरे लिहिलीस की महिन्यापूर्वीची लांबलचक आज्ञाही समोर येईल. आरएम या फाइल काढून टाकणाऱ्या आज्ञेने आधी आपल्याला विचारावे असे टोपणनाव तिला देण्याचा सल्ला तुला अनेक जण देतील. तो मला मान्य नाही. घरच्या यंत्रावर विचारले जाण्याची सवय लागते आणि कॉलेजच्या सर्व्हरवर, जिथे तुझी मांडणी नसते, तिथे न विचारता फाइल जाते.

त्या सर्व्हरवर काम करताना टीमक्स हा टर्मिनलमधील काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम अवश्य वापर. पावसात मुलुंडला इंटरनेट गेले तरी सर्व्हरवर चाललेले काम तसेच सुरू राहते, आणि जोडणी परत आली की त्याच पडद्याला पुन्हा जोडून घेता येते.

बाबांच्या सोसायटीचे इतिवृत्त मात्र टर्मिनलमध्ये लिहू नकोस. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचा चौकोन देते, त्यामुळे आपली जोडाक्षरे आणि वेलांट्या विसकटतात. शिवाय कीबोर्ड मराठीवर असला की व्हिमच्या आज्ञा चालत नाहीत. या कामासाठी मी एमॅक्स या दुसऱ्या एडिटरची स्वतंत्र खिडकी वापरते. २०२० साली आलेल्या २७ व्या आवृत्तीपासून त्यात हार्फबझ या अक्षरे जुळवणाऱ्या लायब्ररीमुळे देवनागरी नीट जुळून दिसते, आणि इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळमांडणीची सोय एमॅक्सच्या आतच असल्याने मराठी लिहिता लिहिता आज्ञा पूर्ववत चालतात. बाबांनाही ते दाखव.

मांडणीच्या या सगळ्या फाइल एका गिट रिपॉझिटरीत (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साठ्यात) ठेव, आणि मूळ जागी त्यांचे दुवे कर. एसएसएचची (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे शिरण्याच्या सोयीची) खासगी किल्ली किंवा कोणताही पासवर्ड त्यात कधीही जाऊ देऊ नकोस. एकदा कमिट झालेली, म्हणजे त्यात नोंदली गेलेली, गोष्ट नंतर फाइलमधून काढली तरी इतिहासात राहते. प्रत्येक ओळीवर ती का घेतली हे टिप्पणीत मराठीत लिही, आणि पहिल्या दहा-बारा ओळी झाल्या की मला पाठव. रविवारी फोनवर आपण एकेक ओळ पाहू.

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

तुझी,
ताई