माहा गिलास मीच आलग ठेवते

आर्वी, जि. वर्धा
तान्हा पोळा

प्रिय गड्या,

सकाळपासून दारात पोरं लाकडी बैल घेऊन येऊन राहिली होती. बोजारा वाटून झाला आणि आत्ता कुठे बसलो. फोनवर या विषयावर आलो की तू दुसरंच काही काढतोस आणि मीही काढू देतो, म्हणून लिहितो आहे.

मी सध्या काय करतो ते तुला अर्धवट माहीत आहे. हिपॅटायटिस बी, म्हणजे गावात जिला पांढरी कावीळ म्हणतात तो यकृताचा विषाणूचा आजार, असलेल्या लोकांना गावोगाव भेटायचं आणि लोक त्यांच्याशी कसं वागतात, त्यांना स्वतःला काय वाटतं, ते आकड्यात मोजायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये आपल्या देशात असे २ कोटी ९८ लाख लोक होते. आणि गावात चौकशी केली तर उत्तर ठरलेलं, "आमच्या इथं पांढरी कावीळ कोणालेच नाई."

मोजायची रीत अशी : वाक्यं वाचून दाखवायची आणि ते किती पटतं हे माणसानं सांगायचं. संशोधक बर्गर यांनी २००१ मध्ये एचआयव्हीसाठी ४० वाक्यांची अशी मोजपट्टी केली, कुष्ठरोगासाठी एमिक नावाची प्रश्नावली आहे. त्याच धर्तीवर आमची. 'पूर्णपणे सहमत', 'काही अंशी सहमत' हे पहिल्या दोन दिवसांतच कोलमडलं. मग एका म्हाताऱ्यानेच वाट दाखवली. म्हणाला, "आठ आणे खरं हाये." तेव्हापासून आम्ही चार आणे, आठ आणे, बारा आणे, सोळा आणे असंच विचारतो. तरण्या पोरांनाही कळतं.

शब्दानं मात्र घात केला. मूळ इंग्रजी 'स्टिग्मा' या शब्दाला कागदावर 'कलंक' लिहिला होता. निंदणावरून नुकत्याच आलेल्या एका बाईला मी वाचून दाखवलं, 'या आजारामुळे मला कलंकित वाटतं.' तिचा चेहरा उतरला. पदर ओढून घेत म्हणाली, "मी काय केलं जी?" गावात बाईला कलंक लागतो तो चारित्र्याचा, हे मला घरी बसून कळायला हवं होतं. माफी मागितली. तिला सांगितलं की बाळपणी हा विषाणू शिरला तर १० पैकी ९ जणांच्या अंगात तो कायमचा राहतो, मोठेपणी शिरला तर १०० मध्ये पाचही नाहीत. तिच्याकडे तो बहुधा तिच्या आईकडूनच आला असणार. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मायले तं ठाऊकच नव्हतं." रात्रीच आम्ही तो शब्द काढला आणि 'नावं ठेवणं', 'बोट दाखवणं', 'दूर बसवणं' असं लोकांच्या तोंडचं घातलं.

त्याच बाईचं आणखी सांगायचं आहे. पहिल्या बाळंतपणाच्या वेळी रक्त तपासलं तेव्हा तिला कळलं. खिडकीवरच्या माणसानं 'पॉझिटिव्ह' असं सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हटलं. आपल्याकडे त्या शब्दाचा एकच अर्थ घेतात, एचआयव्ही, आणि तो त्या दिवशी गावभर झाला. एक मात्र बरं झालं, बाळाला २४ तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे विषाणूला अडवणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन मिळालं. मुलगी आता तीन वर्षांची आहे आणि चांगली आहे.

आमच्या प्रश्नांना तिची उत्तरं : घरच्यांनी भांडी वेगळी केली का? नाही. कुणी जेवताना दूर बसवलं? नाही. लग्नकार्यात टाळलं? नाही. बेरीज केली तर अख्ख्या गावात सगळ्यात कमी गुण तिचे. कागद मिटला आणि पाणी मागितलं. ती आत गेली. मांडणीवर स्टीलचे गिलास ओळीनं पालथे होते, आणि सगळ्यांपासून दूर, खिडकीच्या कोनाड्यात एक. त्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका. मी बघतो आहे हे तिच्या लक्षात आलं. "मले कोनी काई म्हनलं नाई जी. माहा गिलास मीच आलग ठेवते." वावरात बायकांसाठी पाण्याची एकच कॅन असते. ही ओंजळ धरते आणि दुसरीला वरून ओतायला सांगते. वरून पाणी ओतायची रीत आपल्या गावांत कुठून आली हे तुला सांगायला नको. भावाच्या लग्नात कुणी टाळलं नाही, कारण ही गेलीच नाही. आमच्या कागदावर तिचे शून्य गुण होते, गड्या!

हा विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून, आईकडून बाळाला जातो. एका ताटात जेवून, एका गिलासानं पिऊन, मिठी मारून जात नाही. हे मी रोज पन्नासदा सांगतो. आणि हे सांगताना मला नागपूरची आपली खोली आठवते.

रक्तदानाच्या शिबिरानंतर तुला ते पत्र आलं होतं. तुझा वस्तरा मी वापरणं सोडलं, ते बरोबरच होतं, त्यावर रक्ताचा कण राहू शकतो. पण त्या आठवड्यात मी तुझ्या डब्यातली भाकर खाणंही सोडलं. पोट बिघडलंय असं सांगितलं. तू काही बोलला नाहीस. पुढच्या सोमवारपासून तू डबाच खोलीत आणेनास, खाली जिन्यात बसून एकटा खायचास. मी ते तुझी सवय समजलो. बारा वर्षं तसंच समजत होतो, तो लाल ठिपका दिसेपर्यंत. सुरुवात माझ्याकडून झाली होती. मला माफ कर.

शाळेच्या सहलीत आपण दत्तपूरला गेलो होतो, आठवतं? मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये उभारलेलं कुष्ठधाम. तिथे पंगतीत तू आधी बसलास आणि मला ओढून शेजारी बसवलंस. मी घाबरलो होतो.

आता कामाचं. प्रश्नावलीत नवीन भाग घालायचा म्हणून मी भांडतो आहे : लोकांनी काही करायच्या आधी तुम्ही स्वतःहून काय काय बंद केलं? कुठे जाणं, काय खाणं, कुणाला सांगणं, लग्नाचा विचार. वरचे म्हणतात, याला गुण कसे द्यायचे. मला वाटतं आण्यात देता येतील, पण वाक्यं नीट हवीत आणि ती मला एकट्याला सुचत नाहीत. मी बाहेरून बघणारा.

कागद सोबत जोडला आहे. नाव घालू नकोस. जे वाक्य खोटं वाटेल ते खोडून टाक, सुचेल ते समासात लिही. आणि तपासणी कधी केली होतीस शेवटची? सहा महिन्यांनी यकृताची तपासणी व्हायला हवी. २०१८ मध्ये सुरू झालेल्या हिपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात औषधंही मोफत आहेत. दवाखान्यात एकट्यानं जायचं नसेल तर मी नागपूरला येतो, तारीख तेवढी कळव.

आई अंबाडीची भाजी करणार आहे रविवारी. भाकरी तू घेऊन ये, तुझ्या घरची.

तुझा,
खोलीतला