जिलबीचं चित्र, आणि खिडकी

नौपाडा, ठाणे

प्रिय मनू,

जिलबीच्या चित्राचा फोटो मिळाला. बाबांनी तो काकूला पाठवला, काकूने अख्ख्या सोसायटीला दाखवला. वरच्या वेढ्यावर पाक जिथे साचलाय तिथली लखलख शिकवून येत नाही. पण पत्र लिहायला बसले ते फोटोच्या कडेला जे दिसलं त्यामुळे. खिडकी बंद, दाराच्या कडीला प्लास्टिकची पिशवी, तिच्यात चोळामोळा करून कोंबलेल्या तेलाच्या चिंध्या, आणि त्याच खोलीत तुझी गादी. फोनवर म्हणालीस की सकाळी डोकं जड असतं. खारघरला डास आहेत, समोरच्या बांधकामाची धूळ येते, सगळं मान्य. तरी लहानपणी पावसाळ्यात तुझी छाती कशी भरायची ते मी विसरलेले नाही.

चिंध्यांचं आधी सांगते, म्हणजे मग चित्राबद्दल मोकळेपणाने बोलता येईल. तैलरंगात जवसाचं तेल असतं, आणि ते वाळतं म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, त्याने घट्ट होतं, आणि हे होताना उष्णता बाहेर पडते. कॅनव्हासवर ती हवेत निघून जाते. कोंबलेल्या चिंध्यांच्या पोटात ती साठत राहते, आणि कुणी काडी न लावता चिंधी पेटू शकते. म्हणून काम संपलं की प्रत्येक चिंधी बाल्कनीच्या दांडीवर सुटी पसर, कडक होईपर्यंत वाळू दे, मगच कचऱ्यात. ते जमत नसेल तर पत्र्याचा डबा, त्यात पाणी, चिंध्या पूर्ण बुडलेल्या आणि वर झाकण. प्लास्टिकची पिशवी आजच रिकामी कर.

आता चित्र. गोड पदार्थ तैलरंगात रंगवण्याचं सुख जलरंगात नाही, अ‍ॅक्रिलिकमध्येही तितकं नाही, कारण तैलरंगाला स्वतःचं अंग असतं आणि ते बराच वेळ मऊ राहतं. श्रीखंड रंगवून बघ. टायटॅनियम व्हाइटमध्ये यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, आणि अगदी कणभर कॅडमियम यलो मिसळ, पॅलेट नाईफवर, म्हणजे रंगाच्या बोथट सुरीवर, भरपूर घे आणि एकाच ओढीत पसर. नाईफच्या कडेला रंगाची जी धार उभी राहते ती वाटीत चमचा फिरवल्यावर श्रीखंडावर उमटणाऱ्या धारेसारखीच असते. तिला पुन्हा हात लावू नकोस. दुसऱ्यांदा नाईफ फिरला की धार मोडते आणि क्रीमचा लगदा दिसायला लागतो. श्रीखंड फ्रीजबाहेर बराच वेळ आकार सोडत नाही, म्हणून सरावाला कुल्फीपेक्षा ते चांगलं.

एवढ्या जाड थरात वरून तेल घालायचं नाही. तेल जास्त झालं की वर साय धरते, आतला रंग ओला राहतो आणि पृष्ठभाग सुरकुततो. ट्यूबमधून रंग पातळ आला तर तो कोऱ्या पुठ्ठ्यावर काढून थोडा वेळ ठेव, जादा तेल पुठ्ठा पिऊन घेईल. पांढरा घेताना ट्यूबवर बारीक अक्षरात रंगद्रव्याचा कोणता क्रमांक लिहिलाय ते वाच. पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटॅनियम, पीडब्ल्यू ४ म्हणजे झिंक. झिंकचा थर काही वर्षांत ठिसूळ होतो, तडकतो, खालच्या थरापासून सुटतोसुद्धा. तसंच गुलाबजामच्या गडद लालीसाठी अलिझरीन क्रिमझन घेशील तर पीआर ८३ नको, तो उजेडात फिका पडतो. पीआर १७७ किंवा पीव्ही १९ बघ.

टर्पेंटाइन उघड्या वाटीत ठेवतेस का? फोटोत स्टीलची वाटी दिसली. आपण वास म्हणतो ती त्याची वाफ असते, आणि ती रात्रभर तुझ्या उशाशी राहते. बिनवासाचं टर्पेंटाइन आणलंस तरी वाफ असतेच, फक्त नाकाला कळत नाही. सगळं नाईफनेच केलंस तर टर्पेंटाइन जवळजवळ लागणारच नाही. ब्रश आधी कागदाने कोरडा पुस, मग करडईच्या तेलात घोळव, पुन्हा पुस, शेवटी साबणाने तळहातावर फेस पांढरा येईपर्यंत धू. तेल केसांत राहिलं तर ब्रश चिकट होतो. चांगल्या कंपन्या पांढरा रंग करडईच्याच तेलात घोटतात, कारण ते जवसापेक्षा कमी पिवळं पडतं. पण स्वयंपाकघरातलं तेल रंगात मिसळू नकोस, ते नीट वाळेलच असं नाही. आणि करडईच्या चिंधीलाही वर सांगितलेला नियम लागू.

लेक्चर झालं ना? रागावू नकोस. खिडकीचं मी एकदाच बोलणार होते.

जिलबीबद्दल मनापासून सांगायचंय. वेढ्यांचा उंचवटा तू आधी फिक्या पिवळ्यात जाड उभा केलास आणि वरून पारदर्शक थर दिलास, ही पद्धत अगदी बरोबर. पातळ केलेला इंडियन यलो आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना खाचांत जमतो, उंचवट्यावरून ओघळतो आणि पाकाचं काम आपोआप करतो. मला धास्ती एकच वाटते, खालचा थर पुरेसा वाळला होता का? टायटॅनियम मुळात सावकाश वाळतो, आणि या दमट हवेत अजून सावकाश. खाली कमी तेल, वर जास्त तेल हा क्रम पाळूनही जाड थर आतून मऊ असेल तर वरची पातळ झिलई तडकते. पुढच्या वेळी नख हळूच दाबून बघ. खूण उमटली तर थांब. तोवर दुसऱ्या कॅनव्हासवर गडद तपकिरी बर्न्ट अंबरने पातळ रेखाटन करून ठेव. त्यात मँगनीज असतं म्हणून तो लवकर वाळतो.

अमेरिकन चित्रकार वेन टीबोने रंगवलेले केक तुला आवडतात. १९६३ चं ‘केक्स’ वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे, दीड मीटरहून जास्त उंच आणि त्याहून रुंद. सगळे त्यातल्या जाड क्रीमबद्दल बोलतात. तू कडा बघ. केकच्या बाह्यरेषेत केशरी, निळ्या, हिरव्या रेघा शेजारी शेजारी आहेत, सावल्या निळ्या आहेत, त्यामुळे पांढरं पांढऱ्यावर असूनही उजळतं. तो हे बहुतेक आठवणीतून रंगवायचा. तू अजून काही वर्षं ताटली समोर ठेवूनच रंगव. आणि जोझेफा द ओबिदुशही बघ. सतराव्या शतकात पोर्तुगालमध्ये ही बाई काळोख्या पार्श्वभूमीवर मिठाया रंगवत होती, त्यातलं एक चित्र १६७६ चं आहे. तुझ्या जिलबीला तसा काळोख शोभेल.

गणपती जवळ आलेत, तेव्हा उकडीचा मोदक घे. सगळ्यात अवघड आणि सगळ्यात आनंदाचा. पांढऱ्या ताटलीत नको, केळीच्या पानावर ठेव, म्हणजे बुडाशी हिरवट उजेड वर चढतो. शुद्ध पांढरा फक्त तुपाच्या थेंबावर, तोही बोटाच्या टोकाएवढा. बाकी अंगाला उजेडाच्या बाजूने ऑकरची छटा, सावलीला निळा अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिळून होणारा राखाडी. काळा रंग अजिबात नको, उकड शिळी दिसते. वाफ गेली की पृष्ठभाग कोरडा पडून चमक जाते, मधूनमधून तुपाचं बोट फिरव. प्रत्येक कळीला एक उजेडाची आणि एक सावलीची बाजू असते, आणि नाकाजवळ दोन्ही अरुंद होत जातात. आजीच्या कळ्या किती बारीक असायच्या, टोकाशी येताना बोटांचा दाब कसा कमी करायची ती! पितळी मोदकपात्राचं झाकण उघडलं की तू आधी मोजायला बसायचीस, एखादा फुटलाय का बघायला, कारण फुटलेला तुला मिळायचा. हे लिहायचं नव्हतं. कळ्यांच्या टोकाला ब्रशचा दाब कमी कर, एवढंच म्हणायचं होतं.

पोज दिलेला मोदक नंतर खायचा नाही, आणि रंगाची बोटं तोंडाकडे न्यायची नाहीत. कॅडमियम, कोबाल्ट पोटात जाऊ नयेत. खायची ताटली वेगळी, दुसऱ्या खोलीत. रात्री ट्यूबलाइटखाली रंग मिसळू नकोस, तिच्या उजेडात क्रीम निळसर दिसतं आणि सकाळी चित्र पिवळं निघतं. दिवसाच्या उजेडात बस, म्हणजे खिडकीही उघडावी लागेल. पुन्हा तेच आलं बघ. पण मामाच्या छातीचं सगळं तू जवळून पाहिलं आहेस, आणि तुझे इनहेलर अजून माझ्या कपाटात आहेत. डासांची जाळी मी शिवून देते, माप पाठव.

चित्र बाहेरच्या भिंतीला टेकवू नकोस, पावसाळ्यात तिला ओल येते आणि कॅनव्हासच्या मागे बुरशी धरते. मध्ये दोन बोटं जागा सोड. अंधाऱ्या कपाटातही नको, अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. शनिवारी दादा तिकडे येणार आहे. त्याच्याबरोबर झाकणाचा पत्र्याचा डबा, करडईचं तेल आणि टायटॅनियमच्या दोन मोठ्या ट्यूबा देते. जिलबीला व्हार्निश आत्ता लावू नकोस. इतक्या जाड रंगाला निदान वर्षभर जाऊ दे, आणि तोवर धूळ बसली तर मऊ कोरड्या ब्रशने झटक, ओलं फडकं लावू नकोस.

तुझी,
आई